मदत हवी आहे: क्रिकेट आकडेवारीच्या वेब ॲपमध्ये संघांची बदललेली नावे कशी हाताळावीत?

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी गणित शिकवतो. सरासरी, गुणोत्तर आणि शेकडेवारी हे भाग मुलांनी आपल्या आवडत्या क्रिकेटमधून स्वतः प्रश्न विचारत शिकावेत, यासाठी एक छोटे वेब ॲप तयार करत आहे. शेजारच्या कन्नड माध्यमाच्या मुलांनाही ते वापरता यावे म्हणून पडद्यावरील मजकूर दोन्ही भाषांत ठेवायचा आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मला बऱ्यापैकी येते, पण वेब ॲप करण्याची ही पहिलीच वेळ आहे.

क्रिकशीट या संकेतस्थळावर आयपीएलच्या २००८ पासूनच्या सामन्यांची चेंडूनिहाय माहिती मोफत मिळते. प्रत्येक सामन्याची स्वतंत्र जेसन फाइल (माहिती ठरावीक मांडणीत मजकूर म्हणून साठवणारी फाइल) असते. या सर्व फाइल पँडास या पायथनमधील तक्ते हाताळण्याच्या साधनाने एकत्र करून मी स्ट्रीमलिट या पायथनमधून वेब ॲप बनवण्याच्या साधनात हंगाम, संघ आणि फलंदाज निवडण्याची सोय केली आहे.

मुख्य अडचण संघांच्या नावांची आहे. खेळाडूंसाठी या फाइलमध्ये ओळख क्रमांक दिलेले असतात, संघांची मात्र केवळ नावे असतात. दिल्ली डेअरडेव्हिल्सचे २०१९ च्या हंगामापासून दिल्ली कॅपिटल्स झाले, किंग्ज इलेव्हन पंजाबचे २०२१ मध्ये पंजाब किंग्ज झाले आणि आपल्या मुलांचा सर्वांत लाडका बंगळूरचा संघ २०२४ पासून इंग्रजीत ‘बॅंगलोर’ऐवजी ‘बेंगळुरू’ असे लिहू लागला. ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ या पुण्याच्या संघाच्या नावातील शेवटचा ‘स’ तर २०१६ नंतर एकाच वर्षात गळाला. हे सर्व एकाच संघाखाली मोजले गेले पाहिजे. उलट डेक्कन चार्जर्स आणि सनरायझर्स हे दोन्ही संघ हैदराबादचे असले तरी ते वेगळे असल्याने त्यांची बेरीज होता कामा नये. त्यामुळे केवळ शहराचे नाव पाहून संघ जोडणे मला योग्य वाटत नाही. प्रत्येक संघाला स्वतःचा क्रमांक देऊन त्यापुढे मूळ नाव, कोणत्या हंगामापासून कोणत्या हंगामापर्यंत, मराठी नाव आणि कन्नड नाव असा वेगळा तक्ता ठेवावा, असे मनात आहे. ही जोडणी माहिती साठवतानाच करावी, की पडद्यावर दाखवताना? जुन्या सामन्याच्या पानावर त्या वेळचेच नाव दिसले पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

दुसरा प्रश्न साठवणीचा आहे. स्ट्रीमलिटमध्ये एखादा पर्याय बदलला की संपूर्ण प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा चालतो आणि चेंडूंच्या नोंदी अडीच लाखांहून अधिक आहेत. तयार सरासऱ्या साठवल्यास वेग वाढेल, पण दोन हंगामांच्या सरासऱ्यांची सरासरी काढणे चुकीचे ठरते. समजा, एक फलंदाज एका हंगामात दहा वेळा बाद होऊन ४०० धावा करतो आणि दुसऱ्या हंगामात दोन वेळा बाद होऊन ४० धावा करतो. त्याची एकत्रित सरासरी ३० नसून ४४० भागिले १२, म्हणजे सुमारे ३६.६७ येते. नेमका हाच भाग मला मुलांना दाखवायचा आहे. म्हणून हंगामनिहाय धावा, बाद होण्याची संख्या आणि खेळलेले चेंडू एवढेच एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवून भागाकार शेवटी करावा का? खेळलेल्या चेंडूंत वाइड धरलेला नाही, नो बॉल धरला आहे.

अक्षरांचा प्रश्न बहुतांशी सुटला आहे. माझ्या संगणकावर मॅटप्लॉटलिब या पायथनमधील आलेख काढण्याच्या साधनात जोडाक्षरे तुटत होती आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जात होती. प्लॉटली या दुसऱ्या साधनाचा आलेख ब्राउझरच काढत असल्याने त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही नीट दिसतात. मात्र बहुतेक मुले हे ॲप घरी पालकांच्या मोबाइलवर उघडतील आणि तिथे आडव्या अक्षावरील लांब नावे एकमेकांवर चढतात. आडवे स्तंभ घेणे बरे, की नावांची लघुरूपे करावीत?

संघांच्या आणि खेळाडूंच्या नावांचा मराठी-कन्नड तक्ता कोणी आधीच केला असल्यास कृपया कळवावे. कन्नड नावे तपासून देण्यास आमच्या शाळेतील कन्नडचे शिक्षक तयार आहेत.