अवघड डोंगरवाटेचे पहिले फोटो : मराठवाड्यातील भटक्यांचे अनुभव

अवघड चढण चढून घरी आल्यावर फोटो पाहताना जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो : जिथे दम लागला, मांड्या भरून आल्या आणि पुढचे पाऊल कुठे टाकावे हे दोन वेळा विचार करून ठरवावे लागले, ती चढण फोटोत गेली कुठे? हा धागा त्या प्रश्नासाठीच आहे. पहिल्यांदा कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन अशा वाटेवर गेलात, तेव्हा काय टिपता आले, काय निसटले आणि कोणत्या जागी कॅमेरा पिशवीतच राहू दिला, हे सविस्तर लिहावे. डोंगर मराठवाड्यातलाच हवा असे बंधन नाही, कारण आपल्यापैकी अनेकांचा पहिला मोठा चढ सह्याद्रीच्या मुख्य रांगेतला असतो.

सुरुवात मी देवगिरीपासून करतो, कारण आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या बहुतेक मुलांनी कडा म्हणून पहिल्यांदा पाहिलेली गोष्ट तीच असते. यादवांच्या काळापासून राजधानी राहिलेल्या या डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून उभा केलेला आहे आणि त्याच्या पायथ्याशी खडकातच कोरलेला खंदक आहे. खंदकाच्या काठावरून कॅमेरा वर धरला की तो तासलेला कडा एखाद्या साध्या भिंतीसारखा दिसतो. मोजमापाला जवळ काहीच नसल्यामुळे ती भिंत दहा फुटांची आहे की दीडशे फुटांची, हे पाहणाऱ्याला कळत नाही. खंदकावरच्या पुलाशी माणसे येईपर्यंत थांबलो आणि फोटोच्या एका कोपऱ्यात ती बोटभर दिसू दिली, तेव्हा कड्याची उंची एकदम उघडी पडली. पुढच्या अंधारीत, म्हणजे खडकातल्या काळोख्या भुयारी वाटेत, मात्र मी कॅमेरा बाहेर काढला नाही. तिथे पायऱ्या उंचसखल आहेत, वटवाघळांचा वास आणि फडफड आहे, मागून माणसे येत असतात आणि एक हात भिंतीला लागतोच. अंधारी संपते त्या तोंडाशी आल्यावर, उजेड समोरून पडत असताना, वर येणाऱ्यांचे चेहरे टिपणे अधिक सोपे गेले आणि वाटेतला काळोखही त्या चेहऱ्यांवर आपसूक आला.

कन्नडहून

वरील अनुभवाला जोडून लेन्सविषयी लिहिते, कारण फोटोतली चढण हरवण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे असे माझे मत झाले आहे. डोंगर समोर आला की आपण सवयीने मोबाइलमधला सर्वांत रुंद पर्याय निवडतो. रुंद लेन्स जवळचा दगड मोठा करते आणि दूरचा कडा लहान करून मागे ढकलते, त्यामुळे उभा डोंगर टेकडीएवढा वाटतो. शिवाय अशा लेन्सने कॅमेरा खाली झुकवून दरी टिपली, तर उतार पसरट होतो आणि खोली नाहीशी होते.

माझी पहिली अवघड वाट वेताळवाडीच्या किल्ल्याची होती. त्या किल्ल्याचे वैशिष्ट्य असे की हळदा घाटाच्या वळणावरून तो समोरच दिसतो : तटबंदी, बुरूज आणि त्याखालचा घसरणीचा उतार, सगळे एका नजरेत येते. आमच्यातील अर्धे जण पुढे चढू लागले आणि मी भावाबरोबर घाटातच थांबले. लांब पल्ल्याच्या लेन्सने त्या अंतरावरून पाहिले तेव्हा तटाखालच्या उतारावर माणसांची रांग दिसली, पुढचा कंबरेत वाकलेला आणि मागचा गवताच्या झुडपाला धरून उभा. दूरच्या लेन्समुळे उतार आणि तट एकमेकांच्या जवळ आल्यासारखे दिसतात आणि चढ जसा अंगावर येतो तसाच फोटोतही येतो. नंतर स्वतः ती वाट चढले, तेव्हा जवळून काढलेल्या एकाही फोटोला ती धार आली नाही. म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनी समोरच्या डोंगरावरून, घाटातून किंवा शेजारच्या सोंडेवरून आपली वाट आधी टिपावी आणि मग चढायला लागावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक गोष्ट. मोबाइल तिरका धरून उतार अधिक तीव्र दाखवण्याची युक्ती अनेक जण वापरतात. मला ती मान्य नाही. झाडांची खोडे आणि तटाच्या भिंती तिरक्या झालेल्या लगेच ओळखू येतात, आणि त्या वाटेने खरोखर चढलेल्या माणसाच्या कष्टावरचाही विश्वास त्यामुळे उडतो.

बीडहून

बालाघाटाच्या डोंगरात लहानपणापासून फिरणे झाले होते. तरी कॅमेरा घेऊन केलेली पहिली मोठी चढाई हरिश्चंद्रगडाची, पाचनईच्या बाजूने, ऐन पावसाळ्यात. तिथे प्रकाशाने नवीन पेच टाकला. धुके पांढरे असते आणि कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरच्या प्रत्येक दृश्याला मध्यम करड्या छटेकडे ओढतो, त्यामुळे धुक्याचे फोटो मळकट येतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, साधारण एक पायरी (स्टॉप) वाढवला की धुके पुन्हा पांढरे होते आणि त्यातून पुढे सरकणारी माणसे स्पष्ट उमटतात. मोबाइलमध्ये पडद्यावर बोट ठेवून सूर्याचे चिन्ह वर सरकवले की तेच काम होते.

कोकणकड्यावर आम्ही दुपारनंतर पोचलो. हा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, नुसता सरळ उभा नसून आत वळलेला आहे, आणि काठावर उभे राहून त्याचा पोटाकडचा भाग दिसतच नाही. आमच्याबरोबरच्या गावातल्या मामांनी आधी पिशव्या मागे ठेवायला लावल्या, मग एकेकाला पोटावर झोपून काठाशी येऊ दिले आणि पायांशी एक जण बसवला. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन आवळला होता. त्या स्थितीत हात स्थिर राहतात, हा फायदा वेगळाच. कड्याची वक्र कडा फोटोच्या एका बाजूने आत आणली आणि दुसऱ्या टोकाला झोपलेले सोबती येऊ दिले, तेव्हा कुठे त्या जागेचा आवाका आला.

इंद्रवज्राविषयी अनेक जण विचारतात. ते दिसण्यासाठी सूर्य आपल्या पाठीशी आणि खाली असावा लागतो आणि समोरच्या दरीत ढग भरलेले असावे लागतात; मग ढगांवर गोल रंगीत कडे उमटते आणि त्याच्या मध्यभागी आपलीच सावली असते. आता कोकणकड्यावर दरी पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य पाठीशी हवा असेल तर वेळ सकाळची हवी. आम्हाला संध्याकाळ मिळाली, त्यामुळे ते पाहण्याचा योग नव्हता. पुन्हा जाणाऱ्यांनी मुक्काम करून सकाळी लवकर काठाशी यावे.

लातूरहून

कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर, बारी गावातून. शिड्यांविषयीच लिहितो, कारण बाकीची वाट पायांची आहे. लोखंडी शिडीवर मध्ये थांबून फोटो काढणारा माणूस वरच्या आणि खालच्या दोघांनाही अडवतो. आम्ही ठरवले होते की मोबाइल फक्त शिडी सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावरच हातात येईल. वर पोचलेल्याने कठड्याला पाठ टेकून बसावे आणि खालून येणाऱ्याचा फोटो घ्यावा; येणाऱ्याचा हात दांडीवर घट्ट आवळलेला, चेहरा वर आणि पायाखाली बारीक होत गेलेली शेते, असा तो फोटो येतो. पहाटेच्या चढाईत थंडीने बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून मोबाइल स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवला होता. उबेला ठेवलेल्या मोबाइलवर बाहेरच्या गारव्यात दव धरत नाही. उलट, गार मोबाइल एकदम उबदार खोलीत नेला तर काचेवर बाष्प धरते, तेव्हा तो थोडा वेळ पिशवीतच राहू द्यावा.

नांदेडहून

वरच्या दोन-तीन अनुभवांत माणूस हवाच असा सूर आहे. मला तो पूर्णपणे पटत नाही. माहूरच्या डोंगरात मी पहिल्यांदा चढणीचे फोटो काढले ते एकट्याने, आणि उंची दाखवण्याचे काम तिथे उन्हाने केले. आपला खडक काळा बेसाल्ट आहे. भर दुपारी त्याच्यावरचे ऊन सरळ पडते आणि कातळ नुसता काळा डाग होतो. सूर्य कलला, बाजूने ऊन आले की प्रत्येक थराची सावली खालच्या थरावर पडते आणि लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर मोजता येतील इतके वेगळे होतात. पायाजवळच्या पायरीत झिजून पडलेला खळगा आणि त्यात साठलेले पाणी या उन्हात जसे दिसते, तसे दुपारी डोळ्यांनाही दिसत नाही. अर्थात माणसामुळे माप कळते, हे मान्यच आहे. पण सूर्य कुठे आहे हे न पाहता माणूस उभा करून काही साधत नाही.

सोयगाव तालुक्यातून

आम्ही डोंगराच्या पायथ्याचे लोक, म्हणून थोडे आमच्या बाजूनेही लिहितो. माझा पहिला फोटो सुतोंड्याच्या किल्ल्यावरचा. नायगावातून निघाल्यावर अंगावर येतो तो मुरमाचा उतार, आणि तिथे बूट घातलेल्या पाहुण्यांपेक्षा आमची गुराखी पोरे सरळ चालतात. त्या वेळी बरोबर आलेल्या शहरातल्या ताई कॅमेरा डोळ्याला लावून चालू लागल्या, तेव्हा चुलते म्हणाले, "ताई, इकडून या, तिथला मुरूम सुटतो." त्यांनी कॅमेरा लगेच गळ्यातून काढून पिशवीत ठेवला आणि चुलत्यांच्या मागोमाग पाऊल टाकले. हे मला फार आवडले. वाट दाखवणाऱ्याचा फोटो घ्यायचा असेल, तर आधी विचारावे आणि नंतर तो त्याच्यापर्यंत पोचवावा. आमच्या वाडीत असा एक फोटो छापून घराच्या भिंतीवर लावलेला आहे.

हंगामाचे म्हणाल, तर आश्विन-कार्तिकात या. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, गवत अजून हिरवे-पिवळे असते आणि खाली खानदेशापर्यंत नजर जाते. चैत्र-वैशाखात धुरळ्याने दूरचे डोंगर पुसट होतात, आणि ऊन तर विचारूच नये. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळे असतात. त्यांच्याखाली धूर करू नये, उग्र अत्तर लावून येऊ नये आणि चांगल्या फोटोसाठी खडा मारून माशा उठवण्याचा विचारही मनात आणू नये. गौताळा अभयारण्याच्या हद्दीत ड्रोन उडवायचा असेल, तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

सुतोंड्याचा दरवाजा अखंड खडक फोडून काढलेला आहे आणि त्याची वाट खाचेसारखी अरुंद आहे. सूर्य चांगला वर आल्याशिवाय तिच्या तळाशी उजेड उतरत नाही, त्यामुळे नांदेडच्या दादांचे कललेल्या उन्हाचे म्हणणे इथे लागू पडत नाही. तटाचे आणि उताराचे फोटो सकाळी घ्यावेत, वरची खोदीव टाकी पाहत थोडा विसावा घ्यावा आणि ऊन डोक्यावर आल्यावर दरवाजाशी परत यावे. त्या वेळी खालून येणारा माणूस खाचेत पाऊल टाकताना टिपला, तर छिन्नीचे घाव, खडकाची जाडी आणि चढाची उंची ही तिन्ही एकाच फोटोत येतात.