लेझर इंटरफेरोमीटरच्या मापनात सकाळ-दुपारचा फरक

प्रश्न: सीएनसी (संगणकनियंत्रित) यंत्राचा १ मीटर लांबीचा अक्ष, म्हणजे सरकमार्ग, आम्ही हेलियम-निऑन लेझर इंटरफेरोमीटरने (प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आधारे अंतर मोजणाऱ्या उपकरणाने) तपासतो. सकाळच्या आणि दुपारच्या मापनांत सुमारे ६० मायक्रॉनांचा फरक येतो. दोष लेझरमध्ये शोधावा की यंत्रात?

उत्तर १: लेझरवर संशय घेण्याआधी तापमान पाहावे. सुमारे ६३३ नॅनोमीटरची ती तरंगलांबी निर्वातात अत्यंत स्थिर असते. हवेत मात्र तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, तर १ मीटरमागे जवळपास १ मायक्रॉनाची चूक होते. पोलाद तेवढ्याच तापमानवाढीने ११ ते १२ मायक्रॉन प्रसरण पावते, म्हणजे केवळ ५ अंशांच्या फरकाने बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारा पोलादी स्क्रू) तुमचा ६० मायक्रॉनांचा फरक सहज देतो.

उत्तर २: वरील मताशी सहमत आहे. हवेच्या दाबाचीही नोंद ठेवावी, कारण सुमारे ३.७ हेक्टोपास्कलचा बदल १ मीटरमागे १ मायक्रॉन देतो. किरण अक्षाशी समांतर नसल्यास माप कमी येते. १ मीटरमध्ये १ मिलिमीटर विचलन असेल, तर ही चूक जेमतेम अर्धा मायक्रॉन असते.

प्रश्नकर्ता: स्क्रूच्या नटाजवळ तापमान मोजले. सकाळी २४ अंश होते, दुपारी २९. आम्ही संवेदक केवळ हवेत लावत होतो, ही आमची चूक होती.

उत्तर १: मग धातूचा संवेदक नटाजवळच चिकटवा आणि प्रसरण गुणांक (दर अंशाला धातू किती वाढतो तो आकडा) भरून मापन २० अंशांच्या प्रमाण तापमानावर आणा. मात्र यंत्र नेहमीच्या गतीने अर्धा-पाऊण तास चालवून मगच मोजणी सुरू करावी.