‘मेमरी खातो’ला काय म्हणावं?

मुळाक्षर
आधी झालेला घोळ सांगतो, मग प्रश्न.

आमच्या सांगलीच्या अपार्टमेंटमधल्या ज्येष्ठ मंडळींसाठी मी दोन पानी टिपण केलं होतं: घरच्या कॉम्प्युटरवर कोणता ब्राउझर बरा. बहुतेकांकडे मुलाने नाहीतर मुलीने मागे सोडलेली जुनी यंत्रं, 4 जीबी रॅमची. टिपणात एक वाक्य होतं, ‘ब्राउझर खूप मेमरी खातो, त्यामुळे कॉम्प्युटर स्लो वाटला तर आधी मेमरी खाली करा.’ मला म्हणायचं होतं, नको असलेले टॅब मिटा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ते वाचून डी ड्राइव्ह उघडला, नातीच्या बारशाचे सगळे फोटो उडवले, रीसायकल बिनही झाडून घेतली आणि मला हाक मारून विचारलं, ‘‘तरी ते चक्र गरगरतंयच की रे?’’ फोटो जावयाच्या पेनड्राइव्हवर सापडले, म्हणून मी अजून त्या जिन्याने तोंड वर करून जातो.

चूक काकांची नाही. मोबाइलवर ‘मेमरी फुल’ आलं की फोटो काढून टाका, हे त्यांना आपणच शिकवलंय. तर रॅमसाठी (म्हणजे यंत्राच्या चालू कामापुरत्या जागेसाठी) आणि तिच्या वापरासाठी घरातल्या माणसाला नेमका कळेल असा शब्द कोणता? कृपया ‘स्मृती’ सुचवू नका. ‘ब्राउझर स्मृती खातो’ वाचून काका थेट मेंदूच्या डॉक्टरांकडे जातील.

शुद्धमती
‘स्मृती’ची थट्टा करण्याआधी एवढं बघा की फोटो ‘मेमरी’ या शब्दाने उडाले, ‘स्मृती’ने नाही. इंग्रजीत एकाच शब्दाखाली दोन वस्तू कोंबल्या आणि आपण तो गोंधळ जसाच्या तसा उचलला. ‘कार्यस्मृती’ आणि ‘साठा’ असे दोन वेगळे शब्द वापरले असते तर काका डी ड्राइव्हकडे फिरकलेही नसते.

आणि ‘खाली करा’ हे मराठी नव्हे. मराठीत खाली म्हणजे जे वर नाही ते. ‘रिकामी करा’ असं लिहायला काय झालं होतं?

नळस्टॉप
ताई, ‘खाली’ला हिंदी म्हणून हाकलू नका. माझी आजी हिंदीचं एक वाक्य धड बोलली नाही, पण ‘खोली खाली झाली का’ आणि ‘खाली पोटी चहा नको’ हे रोजचं. शब्द मूळचा अरबी, मोल्सवर्थच्या कोशात रिकामा या अर्थाने आहे, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं इथलाच रहिवासी. तबलजीला विचारा, सम, टाळी आणि खाली. तिथे काय ‘रिकामी’ म्हणणार?

शुद्धमती
दीडशे वर्षं भाडेकरू राहिला म्हणून मालक होत नाही.

खवचटराव
मुंबईतल्या पागडीच्या चाळीत राहून बघा, मग बोलू.

कोठीवाली
मूळ प्रश्न विचारणाऱ्यांसाठी: मी माझ्या सासूबाईंना असं सांगते. डिस्क म्हणजे कोठीची खोली आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कोठीत वर्षाचा गहू असतो, ओट्यावर आत्ता लागणारं तेवढंच. ब्राउझर कोठी भरत नाही, तो ओटा अडवतो. कोठीतले डबे फेकून ओट्यावर जागा होईल का? सासूबाईंना हे एका वाक्यात कळलं. दिवाळीत मी चकलीचा सोऱ्या, भिजवण आणि तीन ताटं मांडून बसते तेव्हा जाऊबाईंना साधा कांदा चिरायलाही जागा उरत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणून माझं मत, नामापेक्षा क्रियापद महत्त्वाचं. ‘खातो’ चूक. खाल्लेलं परत येत नाही. टॅब मिटला की जागा परत मिळते. ‘अडवतो’ म्हणा.

मॉनिटरमामा
कोठीवाली ताई, ओटा झकास. माझं दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षं होत आली. ‘मेमरी युसेज जास्त आहे’ असं म्हणत कोणी आत आलेलं नाही. येणारा म्हणतो, ‘जड झालाय’, ‘दमतोय’, ‘टेकीला आणलंय यानं’. एक आजी म्हणाल्या होत्या, ‘‘पूर्वी हाक मारली की यायचा, आता ऐकू न आल्यासारखं करतो.’’ याहून नेमकं वर्णन कुठल्या चाचणीत मिळायचं नाही.

ओटा भरतो कसा तेही सांगतो, कारण शब्द त्यातूनच सापडेल. 2008 साली गूगलचा क्रोम आला तो प्रत्येक टॅबची वेगळी चूल मांडूनच. तोवर बाकीच्या ब्राउझरांत बहुतेक एकत्र कुटुंब. एका पानाने डोकं फिरवलं की सगळं घर उपाशी, म्हणजे अख्खा ब्राउझर आडवा. फायरफॉक्सने सर्वसामान्यांसाठी चुली वेगळ्या करायला 2016 उजाडलं, आणि 2017 च्या नोव्हेंबरात क्वांटम नावाची नवी आवृत्ती आली तेव्हा तो खरा चपळ झाला. वेगळी चूल म्हणजे वेगळं सरपण, वेगळी भांडी. खर्च वाढणारच, पण एकाचं भांडण दुसऱ्याच्या ताटात जात नाही.

पुढे 2018 च्या जानेवारीत प्रोसेसरमधला स्पेक्टर नावाचा दोष जाहीर झाला. एका साइटचा मजकूर दुसरीला चोरून वाचता येईल अशी भीती. म्हणून त्याच वर्षी क्रोमने 67 व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर साइटागणिक भिंती घातल्या. यात मेमरी 10 ते 13 टक्के जास्त लागेल हे गूगलनेच सांगितलं होतं. म्हणजे काकांच्या ओट्यावरची काही जागा भिंतींनी घेतलीय. त्याला ‘खातो’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. खाबूगिरी वेगळी, बांधकाम वेगळं.

खवचटराव
मामा, आमच्या गावात बांधकाम आणि खाबूगिरी या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवा, तुमचा सत्कार करतो.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या अकोल्याकडे ‘वेग मंदावला’ कोणी म्हणत नाही बाप्पा. ‘लय रखडून रायलं’ म्हणतात. आणि ‘स्लो’ हा एकच शब्द तुम्ही तीन दुखण्यांना लावून रायले. ब्राउझर उघडायलाच उशीर, ते रेंगाळणं. नेट कमी म्हणून पान अर्धं येऊन थांबतं, ते रखडणं. पान आलं पण वरखाली सरकवताना गचके बसतात, ते अडखळणं. यातलं पहिलं आणि तिसरं बऱ्याचदा तुमच्या ओट्याचं, मधलं तारेचं. काकांना आधी विचारा, रखडते का अडखळते?

मॉनिटरमामा
वा! अडखळणं हाच तो शब्द. ओटा भरला की यंत्र काय करतं? अर्धं चिरलेलं ताट उचलून कोठीत ठेवतं आणि लागलं की परत आणतं. या हेलपाट्यांत जीव जातो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तो खडखडाट कानांनी ऐकू येतो. त्याच यंत्रात एसएसडी (काही न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली तर कोठी ओट्याच्या बाजूलाच आल्यासारखं होतं. निम्म्या गिऱ्हाइकांना मी ब्राउझर बदला असं सांगतच नाही, एसएसडी घाला म्हणतो.

शुद्धमती
चर्चा शब्दांची आहे की सुट्या भागांची? ‘ब्राउझर’ हा शब्द इतक्या वेळा येऊन गेला आणि कोणाला टोचला नाही. मराठी विकिपीडियावर ‘न्याहाळक’ आहे. सुंदर, घडीव, उच्चाराला सोपा.

नळस्टॉप
सुंदर आहे, पण अर्थ उलटा आहे. न्याहाळणं म्हणजे निरखून, डोळे भरून बघणं. नव्या सुनेला न्याहाळतात, नातवाला न्याहाळतात. ब्राउझ करणं म्हणजे वरवर फिरणं. सतरा टॅब उघडून एकही धड न वाचणाऱ्याला न्याहाळक म्हणायचं? पुस्तक ‘चाळतो’ तसं हे चाळणं. ‘चाळक’ म्हणा.

खवचटराव
‘चाळक’ला माझा पाठिंबा. त्यात चाळाही आला.

दूरदेशी
न्यू जर्सीतून. मी काही वर्षं मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणात फुकट राबलोय. इंग्रजीतला तो शब्द मुळात शेळ्यांचा. मेंढ्या, गाई गवत चरतात त्याला एक शब्द, आणि शेळी झुडपाचे कोवळे शेंडे खुडत इथून तिथे हिंडते त्याला ब्राउझ. पुस्तकांच्या दुकानातलं हिंडणं नंतर आलं आणि कॉम्प्युटरवरचं अगदी अलीकडे.

खवचटराव
म्हणजे धातूतच खाणं आहे! मग ‘ब्राउझर मेमरी खातो’ चुकीचं कसं? शेळी आहे ती, खाणारच. कोठीवाली ताई, क्रियापद मागे घ्या.

कोठीवाली
घेत नाही. शेळीने खाल्लेला पाला टॅब मिटल्यावर परत येतो का?

दूरदेशी
मराठीकरणातली खरी अडचण वेगळीच असते, ती म्हणजे जागा. इंग्रजीत चार अक्षरांचं बटण. तिथे ‘कार्यस्मृतिव्याप्ती’ बसवून दाखवा, शेवटची तीन अक्षरं कापलेली दिसतील. ‘लोड’ला पर्याय शोधताना आमच्यात दोन गट पडले होते. ‘पान भारित होत आहे’ असं एकाने सुचवलं. वाचून वाटायचं, पानाला हात लावू नका, शॉक बसेल.

नळस्टॉप
‘लोड’ आपलाच आहे की. लोड-तक्क्या. पान लोड होतंय म्हणजे बैठकीत लोडाला टेकून निवांत बसलंय. 4 जीबीवाल्यांचा अनुभव तंतोतंत हाच.

शुद्धमती
हसा. ‘लोडशेडिंग’साठी ‘भारनियमन’ आला तेव्हाही असेच हसले असतील. पुढे खेड्यातला माणूससुद्धा ‘आज भारनियमन आहे’ म्हणू लागला. वापरलं की रुळतं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो फारसी शब्दांना पर्याय हवेत म्हणूनच.

नळस्टॉप
बरोबर. आणि राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्याचा ‘मुख्य प्रधान’ झाला. पुढची शंभर वर्षं लोक काय म्हणाले? पेशवे. शनिवारवाड्यात राहणाऱ्यांना ‘मुख्य प्रधान’ म्हणणारा माझ्या पाहण्यात नाही.

शुद्धमती
आणि ‘अमात्य’, ‘सचिव’, ‘सेनापती’? ते टिकले ना? सचिवाला आधी सुरनीस म्हणत; मंत्रालयात जाऊन ‘सुरनीस कुठे बसतात’ असं विचारून बघा. तुम्हाला सोयीचा एकच शब्द उचलता.

मॉनिटरमामा
हा गुण ताईंना द्यावा लागेल.

मुळाक्षर
मंडळी, पेशवाईतून खाली यावं (इथे खाली म्हणजे खालीच). टिपण सुधारायचंय, रविवारी वाटायचंय. काकांचा आणखी एक प्रश्न: ‘‘क्रोम जास्त घेतो की फायरफॉक्स, एकदा आकडा सांग.’’ मी टास्क मॅनेजर (काय काय चालू आहे आणि किती जागा घेतंय ते दाखवणारी विंडोजची यादी) उघडला तर क्रोमच्याच नावाच्या ओळींची वरात. बेरीज करू का?

मॉनिटरमामा
बेरजेवर विसंबू नका. चुली वेगळ्या असल्या तरी पाटा-वरवंटा, रवी असं काही सामायिक असतं, आणि काही ठिकाणच्या आकड्यांत ते प्रत्येकाच्या नावावर पुन्हा लागतं. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, कुठल्या टॅबची चूल किती पेटलीय ते टॅबच्या नावासकट दिसतं. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, कोलन, ‘प्रोसेसेस’ लिहिलं की तसंच पान येतं. तुलना करायची तर दोन्हीकडे तेच टॅब, तेवढाच वेळ उघडे ठेवून, एका वेळी एकच ब्राउझर चालू ठेवून करा. एकात यूट्यूब आणि दुसऱ्यात कोरं पान, ही तुलना नव्हे.

आणि एक. 16 जीबीच्या यंत्रावर ब्राउझरने जास्त जागा घेतली तर बिघडलं काय? मोकळा ओटा नुसता पुसून बघत बसायला असतो का? पुढ्यात मांडून ठेवलंय म्हणूनच हात पटपट चालतो. 4 जीबीला मात्र आवरतं घ्यावं लागतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरने 2021 मध्ये निजणारे टॅब आणले, क्रोमने 2022 च्या अखेरीपासून मेमरी सेव्हर. बराच वेळ न पाहिलेला टॅब बाजूला ठेवतात, परत गेलात की जागा होतो.

खवचटराव
‘निजणारे टॅब’ फार आवडलं. ‘सुप्त पत्रिका’ सुचवायच्या आत कोणीतरी हा धागा बंद करा.

शुद्धमती
‘सुप्त’ वाईट नाही.

दूरदेशी
फायरफॉक्सचं मराठी एकाने ‘अग्निकोल्हा’ केलं होतं. वास्तविक ते लाल पांडाचं एक नाव आहे. चित्रात कोल्हा दिसतो, म्हणून कोणी ऐकत नाही. तसंच ‘क्रोम’. खिडकीची पट्टी, बटणं, चौकट, म्हणजे पान सोडून भोवतीचं सगळं, त्याला फायरफॉक्स बनवणारी मोझिलाची मंडळी आधीपासूनच क्रोम म्हणायची. मराठीत त्याला ‘महिरप’ शोभेल, असं मी तेव्हा लिहिलं होतं. सात जणांनी छान म्हटलं, वापरलं कोणी नाही.

मुळाक्षर
महिरप! सुरेख. पण रविवार जवळ आला. मी आत्ता असं लिहिलंय: ‘ब्राउझर कॉम्प्युटरचा ओटा अडवतो. फोटो कोठीत असतात, त्यांना हात लावू नका. नको ते टॅब मिटा.’ बायकोला वाचून दाखवलं. ती कोल्हापूरची. म्हणाली, ‘‘ओटा काय? कट्टा म्हण की.’’

कोठीवाली
कट्ट्यावर गप्पा मारतात. स्वयंपाक ओट्यावर.

वऱ्हाडी_ठेचा
काहून? आमच्याकडे ओटा घराबाहेर असते. संध्याकाळी त्याच्यावर बसून चकाट्या पिटतात. तुमचं टिपण माह्या बाबांनी वाचलं तर कॉम्प्युटर उचलून अंगणात नेतील.

शुद्धमती
मग विदर्भात स्वयंपाकाच्या ओट्याला काय म्हणतात? जुना शब्द असेल तर नोंदवून ठेवते.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या घरी? प्लॅटफॉर्म.