पकीप्सीला आनंदीबाईही आहेत

न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीत, म्हणजे पकीप्सी शहर ज्या जिल्ह्यात येतं तिथं, कोण कोण चिरविश्रांती घेतंय, याची चर्चा चाललीय. हाइड पार्कचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आले, वासार कॉलेजचे संस्थापक मॅथ्यू वासार आले. पण आपलं माणूस राहिलं की! डॉ. आनंदीबाई जोशी.

१८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. वय अवघं २१. त्यांची रक्षा सातासमुद्रापार पोचली ती ज्यांना त्या मावशी म्हणत त्या अमेरिकेतल्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंकडे. बाईंनी ती पकीप्सी रूरल सिमेटरी या दफनभूमीत स्वतःच्या घरच्यांशेजारी ठेवली. दगडावर नाव, ‘एम. डी.’ आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशी नोंद आहे. परकी पोर कुटुंबाच्या जागेत घेणाऱ्या त्या माउलीपुढे मी मनापासून हात जोडते. तिकडे राहणाऱ्यांनी एकदा फुलं वाहून यावीत.