क्लाउनफिशच्या अंड्यांना आणि पिल्लांना उजेड किती द्यावा? सल्ला हवा आहे

प्रश्न :
नमस्कार. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील ओसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी मातीच्या कुंडीवर नियमित अंडी घालते. केशरी अंडी पुढे काळपट होतात, त्यांत चंदेरी डोळे चमकू लागतात, नरही त्यांची निगुतीने राखण करतो. परंतु आठवडा उलटूनही ती फुटत नाहीत आणि अखेर खराब होतात. तापमान २७ अंश आहे. टाकी दिवाणखान्यात असल्यामुळे रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडतो. त्याचा हा परिणाम असेल का? पिल्ले निघाल्यास त्यांना किती उजेड द्यावा?

प्रतिसाद १ :
माझा पहिला संशय त्या दिव्यावरच आहे. ही अंडी अंधार पडल्यानंतर तासा-दोन तासांत फुटतात, कारण समुद्रात त्या वेळी नजरेने शिकार करणाऱ्या माशांपासून पिल्लांना धोका कमी असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ साली याच जातीवरील प्रयोग प्रसिद्ध केला : रात्री दिवा ठेवलेल्या टाक्यांत अंडी फलित झाली, पण एकही फुटले नाही, दिवा काढल्यावर मात्र पुढची अंडी व्यवस्थित फुटली. त्यामुळे संध्याकाळनंतर टाकीवर जाड काळे कापड घालावे आणि फटीतूनही उजेड येऊ देऊ नये.

प्रतिसाद २ :
वरील सल्ल्याशी सहमत आहे. पिल्लांचे गणित मात्र उलटे असते. जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे हे जीव रोटिफर नावाचे सूक्ष्म जलजीव डोळ्यांनी हेरून टिपतात, त्यामुळे काळोखात ते उपाशी राहतात. तरीही प्रखर दिवा नको, कारण काचेवरून परावर्तित होणाऱ्या उजेडाकडे ओढली जाऊन पिल्ले काचेवरच धडका देत राहतात. टाकीच्या बाजूंना बाहेरून काळा कागद लावावा, वरून मंद उजेड द्यावा आणि पाण्यात नॅनोक्लोरोप्सिस शेवाळ सोडून ते फिकट हिरवे ठेवावे. त्याने उजेड पसरतो आणि रोटिफरनाही खाद्य मिळते. काही जण चोवीस तास दिवा ठेवतात. मला ते पटत नाही, कारण मेलॅनोपस या जवळच्या जातीत सोळा तास उजेड मिळालेली पिल्ले बारा आणि चोवीस तासांच्या तुलनेत लवकर वाढल्याचे आढळले आहे. दिवा एकदम लावू नये. आधी खोलीतला लावावा.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. मोठ्या टाकीतच अंडी फुटली तर पिल्ले वेगळी कशी करावीत?

प्रतिसाद २ :
पंप बंद करून एका कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाजवळ टॉर्च धरावा. पिल्ले उजेडाकडे गोळा होतील. ती वाटीने पाण्यासकट उचलावीत, जाळीने कधीही नाही.