सॉल्व्हंट भरायच्या रूममध्ये कोणता वजनकाटा घ्यावा? बॅटरीवाला चालेल का?

ड्रमफिलिंग:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे टोल्युइन आणि अ‍ॅसिटोन ड्रममध्ये भरायचं काम चालतं. ड्रम काट्यावर ठेवायचा, नळी सोडायची, वजन झालं की व्हॉल्व्ह बंद. जुन्या काट्याचा आकडा स्थिर राहत नाही म्हणून नवीन घ्यायचाय. परचेसवाल्यांनी जे कोटेशन आणलंय ते स्टेनलेस स्टीलच्या, आयपी६७, बॅटरीवर चालणाऱ्या साध्या काट्याचं आहे आणि त्यांचं म्हणणं असं की पाणी आत जात नाही तर व्हेपर कुठून जाणार, आणि बॅटरी आहे म्हणजे मेन्सच्या करंटचा प्रश्नच मिटला. मला हे अजिबात पटत नाहीये पण मीटिंगमध्ये मुद्देसूद सांगता येत नाही. त्यात सेफ्टीवाले म्हणतात एफएलपीच (फ्लेमप्रूफ) पाहिजे आणि सप्लायर म्हणतो इंट्रिन्सिकली सेफ देतो. ड्रॉइंगमध्ये ड्रमच्या तोंडाजवळ झोन १ (काम चालू असताना पेटणारं व्हेपर असू शकतं) दाखवलाय, बाकी रूम झोन २ (क्वचित आणि थोडाच वेळ). पूर्ण शिफ्ट तिथे माणसं उभी असतात, त्यामुळे विचारूनच घ्यायचंय.

इन्स्ट्रुमेंट_मेंटेनन्स:
तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे, अडून बसा. आयपी६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि काटा थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो, एवढंच. आतली हवा तापली, थंड झाली की सील आणि केबल ग्लँडमधून थोडी थोडी ये-जा होतच असते आणि तिच्याबरोबर व्हेपरही आत जातं. बॅटरीचंही तसंच, शॉर्ट झाली की ती सणसणीत करंट देते, व्होल्टेज कमी असलं म्हणून काय झालं. टोल्युइनचं व्हेपर पेटायला ०.२४ मिलीज्यूलची ठिणगी पुरते, ती तर नीट दिसतही नाही.

एफएलपी म्हणजे आत स्फोट झाला तरी डबा तो सोसतो आणि ज्वाळा बाहेर येईपर्यंत थंड होते. इंट्रिन्सिकली सेफमध्ये (आयएस) मुळात सर्किटमधली एनर्जीच इतकी कमी ठेवलेली असते की बिघाड झाला तरी पेटवण्याएवढी ठिणगी पडत नाही की काही तेवढं तापत नाही. त्यातलं आयबी एक बिघाड धरून असतं आणि झोन १ ला चालतं, आयए दोन बिघाड धरून आणि झोन ० लाही (जिथे व्हेपर कायम असतं) चालतं. काट्याला पातळ कीपॅड, डिस्प्ले, लोडसेलच्या (वजन मोजणारा सेन्सर) बारीक वायरी असतात म्हणून बहुतेक कंपन्या आयएसच देतात. सेफ्टीवाल्यांना सांगा, दोन्ही झोन १ ला चालतात, फक्त सर्टिफिकेट आपल्या जागेला लागू पडलं पाहिजे.

काट्याच्या नेमप्लेटवर "ईएक्स आयबी टू-बी टी४ जीबी" असं काहीतरी असेल. टू-ए, टू-बी, टू-सी हे व्हेपर किती सहज पेटतं त्याचे ग्रुप, टू-सी सगळ्यात सहज; तुमचे दोन्ही सॉल्व्हंट टू-ए ग्रुपमधले, त्यामुळे टू-बी किंवा टू-सी चालेल, पण टू-ए चा काटा हायड्रोजनपाशी नेलात तर नाही चालणार. टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जात नाही, तुमचे सॉल्व्हंट ४५० च्याही पुढे स्वतःहून पेटतात म्हणून काळजी नाही. पण उद्या त्याच काट्यावर कार्बन डायसल्फाइड आणलं तर टी६ (आणखी कमी तापणारा) लागेल, ते १०० अंशांच्या आसपासच पेट घेतं. आणि प्लेटवर वेगळं लिहिलं नसेल तर सर्टिफिकेट आजूबाजूचं तापमान -२० ते ४० अंश धरूनच असतं, रूम त्याहून तापत असेल तर आधी विचारा.

प्रोसेसवाला:
यातलं किती झोनमध्ये ठेवायची खरंच गरज आहे? नुसता प्लॅटफॉर्म आत आणि इंडिकेटर (आकडा दाखवणारा डबा) बाहेर सेफ एरियात, मधे बॅरियर (आत जाणारी एनर्जी मर्यादेत ठेवणारा), अशीही मांडणी होते, जो वॉल्व्ह बंद करतो त्याला काचेतून आकडा दिसला की झालं. आणि काटा खड्ड्यात बसवणार असाल तर थांबा, टोल्युइनचं व्हेपर हवेच्या तिपटीहून जड असतं, ते खड्ड्यात जाऊन बसतं आणि वरची रूम झोन २ असली तरी खड्डा झोन १ धरावा लागू शकतो. ड्रॉइंग ज्यांनी केली त्यांना खड्डा दाखवून घ्या.

अर्थिंग_बघा:
वर सगळे काट्याच्या इलेक्ट्रॉनिक्सवर बोलताहेत, पण ड्रम भरताना मला जास्त भीती स्टॅटिकची वाटते. टोल्युइन वीज फारशी वाहू देत नाही, नळीतून वाहताना चार्ज होतं आणि तो चार्ज ड्रममध्ये साठतो. ड्रम नुसता प्लॅटफॉर्मवर ठेवला म्हणजे अर्थ झाला असं नाही, तळाला रंग असतो, प्लॅटफॉर्मवर कुणीतरी रबरी मॅट टाकलेली असते. ड्रमला क्लॅम्प लावायचा आणि त्याचे दात रंग खरवडून पत्र्याला भिडले की नाही ते बघायचं, नळीचं तोंड तळापर्यंत न्यायचं म्हणजे वरून धार पडत नाही. माणसाच्या अंगावरूनसुद्धा काही मिलीज्यूलची ठिणगी उडू शकते, म्हणून बूट आणि फरशी दोन्ही कंडक्टिव्ह किंवा अँटिस्टॅटिक हवेत. इंडिकेटरवर धूळ नको म्हणून प्लास्टिकची पिशवी चढवतात ना, ती पहिली काढा, आणि पुसायचं ते ओल्या फडक्यानेच.

ड्रमफिलिंग:
खूप आभार, पिशवी आमच्याकडेही आहे, आजच काढतो. अजून दोन शंका. जुना प्लॅटफॉर्म ठेवून फक्त नवीन आयएस इंडिकेटर घेतला तर? आणि वजन कॉम्प्युटरवर जावं असं स्टोअरचं म्हणणं आहे, साधी सीरियल केबल ओढली तर चालेल ना?

इन्स्ट्रुमेंट_मेंटेनन्स:
केबलचं आधी, नाही चालणार. कॉम्प्युटर सेफ एरियात असला तरी त्याच्यातला बिघाड केबलवरून आत येऊ शकतो, सगळा आयएसपणा तिथेच संपतो. मधे सर्टिफाइड आयसोलेटर किंवा फायबर हवं.

प्लॅटफॉर्म ठेवता येईल पण जोडी जुळते का ते कागदावर तपासून. इंडिकेटर किंवा बॅरियर जास्तीत जास्त जेवढं व्होल्टेज, करंट आणि पॉवर देऊ शकतो ते लोडसेल घेऊ शकते त्याच्या आत पाहिजे, आणि केबलची कपॅसिटन्स, इंडक्टन्सही धरायची, लांब केबल असली की तिथेच गाडी अडते. झेनर बॅरियर असेल तर त्याला स्वतःची चांगली अर्थ लागते, आणि त्याच्या रेझिस्टन्समुळे लोडसेलला पोचणारं व्होल्टेज पडतं. ३५० ओहमच्या चार लोडसेल पॅरलल म्हणजे ८७.५ ओहमचा लोड, म्हणून सहा वायरची लोडसेल केबल घ्या म्हणजे सेन्स वायरीवरून ती घट भरून काढता येते, नाहीतर वजन हलतंय म्हणून पुन्हा इथेच लिहाल.

ऑर्डर देण्याआधी सप्लायरकडून नुसतं ब्रोशर नाही, सर्टिफिकेटच मागवा. आयईसीईएक्सचं (स्फोटक जागांच्या उपकरणांची आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट पद्धत) असेल तर नंबर टाकून ऑनलाइन बघता येतं. नंबरच्या शेवटी एक्स असेल तर वापराच्या खास अटी आहेत असा अर्थ, त्या अटी आतल्या पानांवर असतात आणि सहसा कुणी वाचत नाही. बॅटरीवाला आयएस काटा घेतलात तर चार्जिंग आणि बॅटरी बदलणं दोन्ही झोनच्या बाहेरच असं बहुतेक सर्टिफिकेटांत लिहिलेलं असतं, त्यामुळे चार्जर रूमबाहेर कुठे लावायचा ती जागा आत्ताच ठरवा, म्हणजे शिफ्टच्या मधे बॅटरी उतरली की कुणी चार्जर आत घेऊन येणार नाही.