एसटीएमच्या चित्रात दिसते ते ऑर्बिटल की अणूंचा उंचसखलपणा?

प्रश्न
स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची (एसटीएमची) सुई पृष्ठभागाचे चढउतार टिपते, असे आजवर वाचत आलो. मात्र पेंटासीनच्या (पाच बेंझीन-कड्या जोडून झालेला लांबट रेणू) एकाच रेणूची दोन चित्रे पाहिली, तर व्होल्टेजचे चिन्ह बदलताच आकार पार वेगळा झालेला होता. रेणू जागचा हलला नसेल, तर सुई नेमके काय टिपते?

पहिले उत्तर
सुई पृष्ठभागाला टेकतच नाही. मधल्या नॅनोमीटरभर किंवा त्याहून कमी पोकळीतून इलेक्ट्रॉन टनेलिंगने, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही अडथळा पार करण्याच्या क्वांटम क्रियेने, पार होतात, आणि हे अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले की प्रवाह साधारण दहापट घटतो. म्हणूनच जवळपास सगळा प्रवाह सुईच्या टोकावरच्या एका अणूतून जातो. प्रवाह स्थिर राहावा म्हणून यंत्र सुई वरखाली करते आणि त्या हालचालीचा नकाशा काढते. पण प्रवाह केवळ अंतरावर नव्हे, तर त्या जागी, त्या ऊर्जेला किती इलेक्ट्रॉन-अवस्था उपलब्ध आहेत यावरही ठरतो. नमुना ऋण असेल तर त्याच्या भरलेल्या अवस्थांतून इलेक्ट्रॉन सुईत येतात, धन असेल तर सुईतून त्याच्या रिकाम्या अवस्थांत जातात. गॅलियम आर्सेनाइडवर १९८७ साली हे स्पष्ट दिसले: एका चिन्हाला आर्सेनिकचे अणू उजळले, दुसऱ्याला गॅलियमचे.

दुसरे उत्तर
पेंटासीनची ती चित्रे बहुधा २००५ च्या प्रयोगातली असावीत. रेणू थेट धातूवर ठेवला, तर त्याच्या अवस्था धातूच्या अवस्थांत मिसळतात आणि ऑर्बिटलचा, म्हणजे रेणूत इलेक्ट्रॉन कुठे असू शकतो ते सांगणाऱ्या अवस्थेचा, मूळ आकार हरवतो. म्हणून तांब्यावर मिठाचा, होय, साध्या सोडियम क्लोराइडचा, अगदी पातळ थर देऊन त्यावर रेणू ठेवला गेला. मग ऋण व्होल्टेजला सर्वांत वरचे भरलेले ऑर्बिटल उमटले आणि धन व्होल्टेजला सर्वांत खालचे रिकामे. मधल्या व्होल्टेजला मात्र नुसता लांबट उंचवटा दिसतो.

प्रश्नकर्ता
मग ऑर्बिटलच्या पाकळ्यांची अधिक-उणे चिन्हेही दिसतात का?

दुसरे उत्तर देणारे
नाही. साध्या धातूच्या सुईला तरंगफलनाचा (इलेक्ट्रॉनच्या अवस्थेचे गणिती वर्णन, ज्याची किंमत अधिक किंवा उणे असू शकते) वर्ग जाणवतो, त्यामुळे चिन्ह पुसले जाते आणि दोन पाकळ्यांमधले शून्य काळी रेघ म्हणून दिसते. सुईच्या टोकाला कार्बन मोनॉक्साइडचा रेणू लावला, तर त्याच्या पी-प्रकारच्या (विरुद्ध चिन्हांच्या दोन पाकळ्या असलेल्या) अवस्थांना तरंगफलनाचा उतार जाणवतो. अधिककडून उणेकडे जाताना हा उतार तीव्र असतो, त्यामुळे आधी काळी असलेली तीच रेघ उजळ होऊ शकते.